गुरुवारची सुट्टी कॅलेंडरला कोण सांगणार?

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. विजेचा भार आठवडाभर विभागला जावा म्हणून वेगवेगळ्या औद्योगिक भागांना सुट्टीचे वेगवेगळे वार देण्याची पद्धत पडली. इथल्या कामगाराला हे सांगावं लागत नाही. ऑफिसच्या कॅलेंडरला मात्र सांगावं लागतं.

नेमकी अडचण काय?

मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज या मेल यंत्रणेत नवं खातं उघडलं, की कामाचे दिवस सोमवार ते शुक्रवार आणि वेळ सकाळी ८ ते संध्याकाळी ५ अशी आपोआप धरली जाते. त्यामुळे परदेशातल्या सहकाऱ्याला गुरुवारी तुम्ही कामावर दिसता आणि तो मीटिंग लावून मोकळा होतो. आठवड्याची एकुलती एक सुट्टी फोनवर जाते. उलट शनिवारी-रविवारी तुम्ही कामावर असूनही कॅलेंडर सुट्टी दाखवतं.

मग दिवस बदलायचे कसे?

एकट्याला हे आउटलुकच्या सेटिंगमध्ये दोन मिनिटांत जमतं. पण हजार खाती असतील, तर दोन-दोन मिनिटांचे ३३ तास होतात. इथे आयटी विभागाच्या मदतीला पॉवरशेल येतं. मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये आणलेलं हे साधन बटणं दाबण्याऐवजी टाइप केलेल्या आज्ञांवर चालतं. अशा आज्ञा एका फाइलमध्ये ओळीने लिहून ठेवल्या की झाली स्क्रिप्ट.

एचआरकडून एक यादी घ्यायची: मेल आयडी, सुट्टीचा वार, शिफ्टची वेळ. स्क्रिप्ट ही यादी ओळीओळीने वाचते आणि 'सेट-मेलबॉक्सकॅलेंडरकॉन्फिगरेशन' ही आज्ञा प्रत्येक खात्यावर चालवते. त्यातच भारतीय प्रमाणवेळही नोंदवता येते. जर्मनीशी आपला फरक हिवाळ्यात साडेचार तासांचा, तर उन्हाळ्यात साडेतीन तासांचा असतो. त्यामुळे प्रमाणवेळ चुकली की मीटिंगही चुकते.

धोका कुठे आहे?

हजार खाती मिनिटांत सुधारणारी स्क्रिप्ट तेवढ्याच वेगाने हजार खाती बिघडवूही शकते. म्हणून आधी जुनी सेटिंग फाइलमध्ये उतरवून ठेवावीत. आज्ञेला 'व्हॉट-इफ' जोडलं तर प्रत्यक्ष बदल न होता कोणत्या खात्यांना हात लागणार आहे ते दिसतं. त्यानंतर चार-पाच खात्यांवर चाचणी घ्यावी आणि मगच सगळ्यांवर चालवावी.

नोकरी सोडून गेलेल्यांचंही असंच. त्यांनी लावलेल्या दर आठवड्याच्या मीटिंग मागे राहतात आणि मीटिंग रूम उगाच अडून बसते. 'रिमूव्ह-कॅलेंडरइव्हेंट्स' ही आज्ञा अशा मीटिंग रद्द करते. तिच्यातही 'प्रीव्ह्यू-ओन्ली' ही सोय आहे. खातं बंद करण्याआधीच हे काम उरकलेलं बरं.

एवढ्याने प्रश्न सुटतो का?

पूर्ण नाही. कामाचे दिवस बदलल्याने गुरुवारचं निमंत्रण अडत नाही. मीटिंगची वेळ शोधणाऱ्याला तो दिवस सुट्टीचा आहे, एवढंच दिसतं. आधीपासून लागलेल्या गुरुवारच्या मीटिंग हलवायला माणसालाच बोलावं लागतं. शिवाय शिफ्ट बदलली की यादीही बदलायला हवी. यादी जुनी राहिली, तर स्क्रिप्ट तीच चूक रोज इमानेइतबारे करत राहील.