प्रवरेच्या गाळात मराठी सापडते का?

मराठी माणूस कुठून आला आणि मराठी भाषा कुठून आली, हे दोन प्रश्न आपण सवयीने एका दमात विचारतो. प्रवरेच्या काठाने खाली उतरत गेलं की ते वेगळे होतात.

संगमनेर तालुक्यातल्या जोर्व्याला १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं आणि ताम्रपाषाणयुगातल्या एका अख्ख्या संस्कृतीला या गावाचं नाव पडलं. लाल भांड्यांवर काळी नक्षी, तोटीची भांडी. मूल दगावलं की दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यात ते घराच्याच जमिनीखाली पुरायचे. इसवी सनापूर्वी १४०० च्या सुमारास या शेतकऱ्यांची वस्ती इथे होती. श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला तर सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे असे थरांवर थर आहेत. १९७४ मध्ये तिथे ब्राँझचे रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांचं आजही एकमत नाही. हडप्पाची चिन्हं असलेल्या मातीच्या मुद्राही मिळाल्या, पण त्या वाचता येत नाहीत. ही माणसं घरात काय बोलत होती, हे भांडी सांगत नाहीत.

आणखी खाली नेवासे. ज्ञानेश्वरीमुळे मराठीचं माहेर मानलेलं हे गाव. १९५४ ते ५६ दरम्यान सांकलियांनी तिथेही खणलं. ताम्रपाषाणयुगीन वस्ती उठल्यावर काही शतकं तिथे कोणी राहिल्याची खूण नाही. पुढची वस्ती थेट सातवाहनकाळातली, रोमन व्यापाराच्या खुणा बाळगणारी. म्हणजे याच गावी वंशाचा धागा अखंड दाखवता येत नाही. भाषेचा मात्र दिसतो. गोदावरीपलीकडच्या पैठणच्या सातवाहनांचा काळ, हालाची प्राकृत गाथासप्तशती, अपभ्रंश, आणि शके १२१२ म्हणजे १२९० मध्ये ज्ञानेश्वरी. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ती सांगितली अशी श्रद्धा आहे, त्यावरचा दानलेख संस्कृतात आहे; ही गंमत यात्रेकरूंच्या सहसा लक्षात येत नाही.

स्पेनच्या वायव्येकडच्या गॅलिशियाची गोष्ट या बाबतीत जवळची आहे. टेकड्यांवरच्या तिथल्या प्राचीन गढ्या पाहून एकोणिसाव्या शतकात मान्वेल मुर्गीयासारख्या लेखकांनी आपण केल्ट असल्याचा अभिमान जागवला. गॅलिशियन भाषा मात्र रोमनांच्या लॅटिनमधून आलेली. बरीचशी माणसं तिथलीच राहिली आणि बोली पालटली.

मराठीतही तसा सांधा आहे. झ्यूल ब्लॉक या फ्रेंच अभ्यासकाने १९२० च्या ग्रंथात तिची आर्यभाषिक वंशावळ मांडली. फ्रँकलिन साऊथवर्थ आणि विश्वनाथ खैरे यांनी तिच्यातल्या द्राविड थराकडे बोट दाखवलं. खैऱ्यांच्या सगळ्या व्युत्पत्ती मला पटत नाहीत. पण ऐकणाऱ्याला वगळणारं ‘आम्ही’ आणि सामावून घेणारं ‘आपण’ हा भेद तमिळ-तेलुगूतही असावा, हा निव्वळ योगायोग वाटत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. त्यासाठीच्या समितीचे अध्यक्ष रंगनाथ पठारे संगमनेरचेच. तो दर्जा प्राकृत वाङ्मयाच्या वयावर उभा आहे. त्याला जोर्व्याच्या खापरांचा टेकू देण्याचा उत्साह अनावश्यक आहे. त्यापेक्षा अकोले तालुक्याच्या डोंगरांतल्या महादेव कोळी आणि ठाकर समाजांच्या बोली नीट ध्वनिमुद्रित व्हाव्यात. मराठीखालचे थर शोधायचे तर सुरुवात तिथूनही करता येईल.