व्होल्टेज उतरलं, मग मोटर का जळाली?

एप्रिल-मेमध्ये खानदेशातल्या रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात रिवाइंडिंगच्या दुकानासमोर सबमर्सिबल मोटरी येऊन पडू लागतात. आणणाऱ्याचं वाक्य ठरलेलं असतं : ‘व्होल्टेज नव्हतं, मोटर जळाली.’ शाळेत ओहमचा नियम शिकलेला त्याचा मुलगा इथेच अडतो. व्होल्टेज कमी तर करंट कमी, करंट कमी तर उष्णता कमी. मग मोटर गार राहायला हवी होती.

मुलाचं गणित चुकलेलं नाही. ते शेगडीचं आहे. १००० वॅटची शेगडी २३० व्होल्टवर साधारण ४.३५ ॲम्पिअर घेते. भागाकार केला की तिचा रोध निघतो सुमारे ५३ ओहम. व्होल्टेज वीस टक्क्यांनी उतरून १८४ झालं की करंटही तेवढाच उतरतो आणि शेगडी ६४० वॅटवर येते. चहाला वेळ लागतो, इतकंच.

मोटरीच्या दांड्याला मात्र पंप जोडलेला आहे आणि बोअरच्या तळाचं पाणी त्याला वर ढकलायचंच आहे. मोटर फिरत असताना तिच्या कॉइलमध्ये पुरवठ्याला विरोध करणारं व्होल्टेज तयार होतं, आणि तेच करंटला आवर घालतं. बंद मोटर सुरू होताना हा विरोध तोकडा असतो, म्हणून ती क्षणभर नेहमीच्या सहापट करंट ओढते आणि शेतातल्या घरातला दिवा मान टाकतो. पुरवठ्याचं व्होल्टेज घटलं की चुंबकीय क्षेत्र दुबळं होतं, मोटर जरा मागे पडते, आणि तेच ओझं ओढण्यासाठी जास्त करंट मागू लागते.

दहा हॉर्सपॉवरची मोटर ४१५ व्होल्टवर साधारण १५ ॲम्पिअर घेते. व्होल्टेज ३३२ झालं की त्याच कामासाठी तिला १९ च्या आसपास लागतात. पंपाचा वेग थोडा घटतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा किंचित इकडेतिकडे होतो. दिशा बदलत नाही. करंट वाढला सव्वापट. कॉइलमधली उष्णता वाढली दीडपटीहून जास्त.

सव्वाचे दीड कसे झाले, हे सांगणारा माणूस ओहम नव्हे. तो जेम्स प्रेस्कॉट ज्यूल, इंग्लंडमधल्या सॅलफर्डच्या बिअर गाळणाऱ्या घराण्यातला. १८४० साली, वयाची २२ वर्षंही पुरी व्हायच्या आत, त्याने काचेच्या नळीभोवती तार गुंडाळली, ती पाण्यात बुडवली, करंट सोडला आणि थर्मामीटर बघत बसला. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे त्याला सापडलं. रॉयल सोसायटीने त्याच्या निबंधाचा फक्त सारांश छापला; पूर्ण निबंध पुढच्या वर्षी दुसऱ्या मासिकात आला. महिन्याच्या वीजबिलावरच्या एका युनिटात ३६ लाख ज्यूल असतात, पण बिलावर त्याचं नाव कुठेच दिसत नाही. शाळेत ओहमचा त्रिकोण घोकून घेतात आणि ज्यूलला एका सूत्रात उरकतात. खानदेशातल्या शाळांत तरी हा क्रम उलटा हवा, कारण इथली मोटर जाळतो तो हाच करंटचा वर्ग.

व्होल्टेज उतरतं कुठे? आधी डीपीवर, म्हणजे शेतातल्या ट्रान्सफॉर्मरवर. ६३ केव्हीएच्या डीपीला दहा हॉर्सपॉवरच्या पाच मोटरी झेपतात. पण थ्री फेज वीज पाळीने येते आणि आली की ऑटो स्विच लावलेल्या आठ-दहा मोटरी एकदम उठतात, प्रत्येक सहापट करंट मागत. मग केबल. डीपीपासून ५०० मीटरवर बोअर आणि १० चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियमची तार असेल, तर एका तारेचा रोध होतो १.४ ओहम. १५ ॲम्पिअरला ३६ व्होल्ट वाटेतच जातात. तीन तारांत मिळून सुमारे ९४५ वॅट उष्णता निघते. म्हणजे तासाला जवळपास एक युनिट नुसतं बांध तापवण्यात खर्ची. १९ ॲम्पिअर झाले की तेच दीड किलोवॅट.

इकडे मोटरीत वाढलेल्या उष्णतेत कॉइलवरचं प्लॅस्टिकचं आवरण मऊ पडतं. तापलेल्या तांब्याचा रोधही दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने वाढत जातो, म्हणजे उष्णता आणखी. बोअरचं पाणी उतरून मोटर उघडी पडली, तर तिला गार करणारंही कोणी उरत नाही.

खरं तर करंट मर्यादेबाहेर गेला की मोटर बंद करायला स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले असतो. मोटरीच्या पट्टीवर छापलेल्या ॲम्पिअरवर तो लावायचा असतो. पण भर उन्हात केळी सुकत असताना मोटर दर दहा मिनिटांनी ट्रिप होऊ लागली, की स्क्रू फिरवून आकडा वाढवला जातो. त्या घाईमागची तगमग समजण्यासारखी आहे. तरी वाढवलेला तो आकडा म्हणजे कॉइलला राखणारा पहारेकरीच काढून घेणं होय. पॅनलवरचा व्होल्टमीटर सगळे बघतात. बघायचा असतो शेजारचा ॲम्पिअर मीटर.

मोटर उघडली की जुना वायंडर जळण्याचा डाग वाचतो. एखाद-दोन फेजच काळ्या आणि बाकी तांबं लख्ख, तर एक फेज गेली होती. तिन्ही फेज सारख्याच करपलेल्या दिसल्या, तर तो गिऱ्हाइकाला विचारतो : ‘रिले कितीवर होता?’