संगणकाचा कारभारी : नवशिक्यांचे कांहीं प्रश्न

अकोल्याच्या जठारपेठेंतील एखाद्या घरीं संध्याकाळीं डोकावलें, तर हल्लीं असें दृश्य दिसण्याचा संभव आहे. एंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा संगणकापुढें बसलेला असतो. आई विचारते, “काय रे, हें काय नवीन?” मुलगा म्हणतो, “कर्नेल शिकतों आहें.” पुढें काय सांगावें, हें त्यालाहि सुचत नाहीं, कारण त्याच्याच मनांत प्रश्नांची गर्दी झालेली असते. हे प्रश्न अकोल्यांतले असोत कीं पुण्यांतले, बहुधा तेच असतात. आणि वाटतात तितके ते अवघड नसतात.

पहिला प्रश्न असा कीं, कर्नेल म्हणजे नेमकें काय? जुन्या वाड्याचें उदाहरण घ्यावें. वाड्यांत पांच-सहा बिऱ्हाडें असतात. विहीर एक, कोठार एक. ज्यानें त्यानें आपल्या मर्जीनें कोठार उघडलें, तर चार दिवसांत भांडणें लागतील. म्हणून किल्ल्या कारभाऱ्याजवळ असतात, आणि ज्याला जें हवें तें तो त्याच्याकडे मागतो. संगणकांतहि पत्रें लिहिण्याची, गाणीं ऐकण्याची, हिशेब ठेवण्याची अशा अनेक आज्ञावल्या एकाच वेळीं नांदत असतात. प्रोसेसर, स्मृति आणि डिस्क यांची त्यांच्यांत वांटणी करून देणारा कारभारी म्हणजे कर्नेल. हा अधिकार केवळ समजुतीचा नव्हे. प्रोसेसरच्या रचनेंतच दोन अवस्था असतात, एक सामान्य व दुसरी अधिकाराची. सामान्य अवस्थेंतील आज्ञावली डिस्कला परस्पर हात घालूं लागली, तर प्रोसेसरच तिला अडवितो. तिला कर्नेलकडे रीतसर मागणी करावी लागते. या मागणीस ‘सिस्टिम कॉल’ म्हणतात. शिवाय घड्याळाचें एक यंत्र सेकंदाला शेंकडों वेळां कर्नेलला जागें करतें, आणि कोणाची पाळी संपली, कोणाची आली, याचा निवाडा तें करतें.

भाषा कोणती शिकावी? मुख्यतः सी. बेल प्रयोगशाळेंत १९६९ सालीं जन्मलेली युनिक्स १९७३ सालीं सी भाषेंत नव्यानें लिहिली गेली, आणि तेव्हांपासून या प्रांतांत सीचा अंमल आहे. असेंब्ली भाषा लिहितां नाहीं आली तरी थोडी वाचतां यावी. डिसेंबर २०२२ मध्यें लिनक्सच्या ६.१ या आवृत्तींत रस्ट भाषेलाहि प्रवेश मिळाला. तथापि वाचावयाचें जें आहे, तें बहुतेक सीमध्येंच आहे. उच्च गणिताची भीति मात्र व्यर्थ होय. याद्या, रांगा आणि द्विमान अंक यांची चांगली ओळख असली म्हणजे आरंभाला पुरे.

पुढचा प्रश्न जवळजवळ प्रत्येकाला अडवितो. सी शिकतांना पहिल्या दिवशीं वापरलेलें ‘प्रिंटएफ’ कर्नेलमध्यें कां चालत नाहीं? त्याचें कारण मजेदार आहे. पडद्यावर अक्षर उमटविण्यासाठीं तें अखेर कर्नेलचीच मदत मागत असतें. सर्वांनीं ज्याच्याकडे मागावें, त्यानें कोणाकडे मागावें? म्हणून कर्नेलला अशीं साधनें स्वतःच घडवावीं लागतात. हें एकदां उमगलें, कीं कर्नेल इतर आज्ञावल्यांहून वेगळें कां, हेंहि उमगतें.

आपल्या प्रयोगांनीं घरचा संगणक बिघडेल काय, अशी धास्ती पालकांनाहि असते. तशी धास्ती बाळगण्याचें कारण नाहीं. फाब्रीस बेलार यांनीं २००३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘क्यूएमू’सारख्या आज्ञावलीनें संगणकाच्या आंत एक लटका संगणक उभा करतां येतो. आपलें कर्नेल त्यांत चालवावें. कोसळलें तर तो लटका संगणक बंद करून पुन्हा आरंभ करावा.

मग आरंभ कोठून करावा? लिनक्सच्या ओळी आज तीन कोटींहून अधिक आहेत. त्यांतील मोठा भाग निरनिराळ्या उपकरणांना चालविणाऱ्या आज्ञावल्यांचा आहे. तरीहि तो सागर पाहून नवशिक्याची छाती दडपते. येथें थोडा इतिहास उपयोगी पडेल. ऑस्ट्रेलियांतील प्राध्यापक जॉन लायन्स यांनीं १९७६-७७ च्या सुमारास युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीवर ओळीगणिक टीका लिहिली. मूळ ओळी सुमारें नऊ हजार. एका विद्यार्थ्याला एका सत्रांत वाचून होतील एवढ्याच. पण पुढील आवृत्तीच्या परवान्यानें वर्गांत मूळ लेखन शिकविण्यास मनाई केली, आणि तो ग्रंथ वर्षानुवर्षें विद्यार्थ्यांच्या हातीं चोरून काढलेल्या प्रतींच्या रूपानें फिरत राहिला. उघडपणें तो प्रसिद्ध झाला १९९६ मध्यें. दरम्यान ही उणीव भरून काढण्यासाठीं अँड्र्यू टॅनेनबाउम यांनीं १९८७ सालीं ‘मिनिक्स’ लिहिली. तिचा अभ्यास करून हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिनक्सची पहिली आवृत्ति सिद्ध केली. तिच्याहि ओळी सुमारें दहा हजारच होत्या.

त्याच १९९१ सालीं पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला. हव्या त्या शक्तीचा महासंगणक अमेरिकेकडून मिळेना, म्हणून हा उद्योग हातीं घेतला गेला होता. त्याचे धुरीण डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यांतील मुरंब्याचे. केवळ यंत्रें जोडून काम भागलें नाहीं. ‘पारस’ नांवाची आज्ञावली-व्यवस्थाहि त्यासाठीं सिद्ध करावी लागली. दुसऱ्यानें दिलेलें यंत्र वापरणें आणि यंत्राच्या गाभ्यावर आपली सत्ता असणें, यांतील अंतर त्या प्रसंगानें स्पष्ट केलें.

आज कुलपें उघडीं आहेत. अमेरिकेंतील एम. आय. टी. या विद्यापीठानें २००६ सालीं लायन्स यांच्याच वाटेनें जाऊन ‘एक्सव्ही-सिक्स’ हें लहानसें कर्नेल विद्यार्थ्यांसाठीं लिहिलें. त्याच्या ओळीहि आणि त्यावरील पुस्तकहि कोणालाहि विनामूल्य मिळतें. नवशिक्यानें प्रथम तें वाचावें. मग त्यांत एक नवा सिस्टिम कॉल घालावा, चालू असलेल्या कामांची संख्या सांगणारा कां असेना. आपलें स्वतंत्र कर्नेल लिहिण्याची हौस त्यानंतर खुशाल पुरवावी.

खरी अवघड गोष्ट निराळीच आहे. कापूस-बाजारांतील दोन कारकुनांनीं एकाच खतावणीचें एकच पान एकाच क्षणीं लिहावयास घेतलें, तर एकाची नोंद दुसऱ्याच्या नोंदीखालीं बुडेल. दोन प्रोसेसर एकाच यादीला हात घालतात, तेव्हां असेंच होतें. म्हणून एकाचें लिहिणें संपेपर्यंत दुसऱ्याला थांबविणारें ‘लॉक’ लागतें. तें विसरलें, तर चूक रोज दिसत नाहीं; शंभरदां काम नीट होतें आणि एकशेंएकाव्यांदां सारें कोसळतें. अशी चूक हुडकण्यास बुद्धीपेक्षां चिकाटी अधिक लागते. ती मात्र कोणत्याहि पुस्तकाबरोबर मिळत नाहीं.

तेव्हां जठारपेठेंतील त्या मुलानें तीन कोटी ओळींकडे पाहून खचूं नये. ज्या दहा हजार ओळींसाठीं एका पिढीला चोरून प्रती काढाव्या लागल्या, त्या आज त्याच्या टेबलावर आहेत. रोज पन्नास ओळी समजून वाचल्या, तरी सात महिन्यांच्या आंत कारभाऱ्याच्या सगळ्या किल्ल्या त्याच्या ओळखीच्या होतील; आणि आईनें पुन्हा विचारलें, तर वाड्याची गोष्ट तिला तोच सांगूं शकेल.