पितरांच्या हातचे दान

भाद्रपदाचा वद्य पक्ष लागला की घरोघरी तीळ, दर्भ आणि पळी-पंचपात्र देवघरातून बाहेर येतात. तर्पणाची ओंजळ पिता, पितामह, प्रपितामह या क्रमाने मागे मागे जाते, मातामहांकडे वळते, गुरू आणि आप्त यांचे स्मरण करते. आणि अखेरीस ती अशा जीवांसाठीही सुटते, की ज्यांचा आपल्याशी कोणताच संबंध नव्हता आणि ज्यांना पाणी देणारे आता कोणी उरलेले नाही. परक्याची तहान भागविल्यावाचून आपले तर्पण पूर्ण होत नाही, हे आपल्या धर्माचे केवढे औदार्य!

या पंधरवड्यात आपण पितरांना देतो. परंतु जाता जाता पितरांनीच कोणा परक्याला काही द्यावे, अशी त्यांची इच्छा असेल तर? नेत्रदान, अवयवदान आणि देहदान यांचा विचार श्रद्धाळू कुटुंबांनी याच ओंजळीच्या प्रकाशात करावा, असे वाटते.

दधीची ऋषींची कथा आपण बालपणापासून ऐकत आलो. वृत्रासुराच्या वधासाठी देवांनी त्यांच्या अस्थी मागितल्या. ऋषींनी योगबलाने देह ठेवला आणि त्या अस्थींपासून इंद्राचे वज्र घडले. दधीचींकडे मागणे आले ते जिवंतपणी. आपल्याकडे कोणी प्राण मागत नाही. प्राण गेल्यावर जे अग्नीच्या स्वाधीन होणार, त्यातील थोडे मागितले जाते.

शंका आणि समाधान

तरीही मन कचरते, आणि त्यात नवल नाही. पहिली शंका अशी, की नेत्र दिले तर पुढील जन्मी अंधत्व येईल. परंतु देह हे जीर्ण वस्त्र आणि आत्मा ते टाकून नवे धारण करणारा, ही तर गीतेची शिकवण. टाकलेल्या वस्त्राचा तुकडा कोणा गरजवंताला दिला, म्हणून नवे वस्त्र फाटके कसे मिळेल?

दुसरी शंका अंत्यसंस्काराची. नेत्रदानाने अंत्ययात्रेला फारसा विलंब होत नाही. नेत्रपेढीची माणसे घरी येतात, सुमारे अर्ध्या तासात काम आटोपते आणि चेहरा विद्रूप होत नाही. मात्र मृत्यूनंतर सहा तासांच्या आत हे व्हावे लागते. तोवर पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा आणि डोके उशीने किंचित उंच ठेवावे. चष्मा होता, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती किंवा वय फार झाले होते, म्हणून नेत्रदान अडत नाही.

हृदय, यकृत, मूत्रपिंडे यांचे दान बहुधा रुग्णालयातच, मेंदूचे कार्य कायमचे थांबले असता होते. १९९४ च्या कायद्यानुसार चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोन वेळा तपासणी करून तसे प्रमाणित करते. अवयव काढल्यावर देह नीट शिवून कुटुंबाच्या हाती दिला जातो. दहन, अस्थिसंचयन, दशक्रिया, सारे यथासांग करता येते. अवयव कोणाला मिळाला हे दात्याच्या कुटुंबाला सांगितले जात नाही. गुप्तदानाचे पुण्य आपण थोर मानतो. ते येथे आपोआपच घडते.

देहदान आणि शास्त्र

खरा पेच देहदानाचा; कारण तेथे दहनाला देहच उरत नाही. वैद्यकीय महाविद्यालयाकडे देह सोपविण्यापूर्वी मुखात तुळशीपत्र व गंगाजल घालता येते, मंत्रोच्चार करता येतात. पुढचे काय? ज्याचा देह हाती आला नाही, त्याच्यासाठी आपल्या पूर्वजांनी पालाशविधी सांगून ठेवला आहे. गरुडपुराणात पळसाच्या ३६० देठांची प्रतिमा करून तिचे दहन करण्याचा विधी येतो. देह नाही म्हणून गती नाही, असे शास्त्राने म्हटलेले नाही. आपल्या कुलपुरोहितांशी याविषयी अवश्य बोलावे.

शरीर उघडून पाहणेही आपल्या परंपरेला परके नव्हते. मृतदेह गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून वाहत्या पाण्यात सात रात्री कसा ठेवावा आणि मग थर थर काढत त्याचे निरीक्षण कसे करावे, हे सुश्रुताने सविस्तर लिहिले आहे. आजचा विद्यार्थीही शरीराची ओळख करून घेतो ती प्रथम मृतदेहावरच.

श्रीरामांनी मंदाकिनीच्या तीरी दशरथ महाराजांना इंगुदीचा पिंड दिला, ती भूमी चित्रकूटची. मराठवाड्यातील कडोळी गावी जन्मलेले नानाजी देशमुख याच चित्रकूटात ग्रामसेवा करीत राहिले. २७ फेब्रुवारी २०१० रोजी तेथेच त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या पूर्वसंकल्पानुसार त्यांचा देह दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेला देण्यात आला. पिंडदानाच्या त्या पुण्यभूमीतून देहदान घडावे, याहून बोलका योग कोणता?

संकल्पाची वेळ

परंतु एक गोष्ट विसरून चालणार नाही. वडिलांनी भरलेला अर्ज कपाटात राहिला आणि तेराव्यानंतर कागद आवरताना मुलाच्या हाती पडला, तर तो संकल्प वायाच गेला. मृत्यू घरात येतो त्या घटकेला दाता बोलू शकत नाही. बोलायचे असते पत्नीने, मुलांनी. वेळ मोजकी, डोळ्यांत पाणी, भोवती नातलगांचे दहा सल्ले. अशा वेळी पूर्वी शांतपणे झालेले बोलणेच आधार देते. अपघाती मृत्यू किंवा काही संसर्गजन्य रोग असल्यास महाविद्यालय देह स्वीकारत नाही, हेही आधी ठाऊक असावे, म्हणजे नंतर खेद होत नाही.

म्हणून यंदा श्राद्धाचे पान वाढून, काकबळी ठेवून सारे घर जेवायला बसेल, तेव्हा वडीलधाऱ्यांनी आपली इच्छा, ती होकाराची असो वा नकाराची, मोकळेपणाने सांगावी. मुलांनी तो विषय अशुभ म्हणून टाळू नये. पितरांचा शब्द पाळणे हे श्राद्धाचे मर्म आहे. आणि तो पाळण्यासाठी आधी ऐकावा लागतो.