नोकरी बदलली, पीएफचं काय?

पहिली नोकरी सुटली की हात आधी पीएफकडे जातो. नवा फोन, गोव्याची सहल, फ्लॅटचं डिपॉझिट. कारणांना तोटा नसतो. पण पगाराची स्लिप एकदा नीट वाचा.

समजा, मूळ पगार अधिक महागाई भत्ता 15,000 रुपये आहे. त्याचे 12 टक्के, म्हणजे 1,800 रुपये तुमच्याकडून कापले जातात. कंपनीही 1,800 भरते, मात्र त्यातले 1,250 पेन्शन योजनेत जातात आणि पीएफमध्ये 550 उरतात. म्हणजे दरमहा जमा 2,350. (कंपनीचा हा वाटा बहुतेक ठिकाणी सीटीसीतच धरलेला असतो. ऑफर लेटरमधला आकडा आणि खात्यात पडणारा पगार यांचं जमत नाही, त्याचं हे एक कारण.)

खरी गंमत चक्रवाढीची. 2024-25 साठी व्याजदर 8.25 टक्के होता. दर दरवर्षी जाहीर होतो, पण तो एवढाच राहिला तर पैसे साधारण पावणेनऊ वर्षांत दुप्पट होतात. पंचविशीतला एक लाख साठीला सोळा लाख! पंचेचाळिशीत ठेवलेल्या लाखाचे जेमतेम सव्वातीन.

शिवाय सलग पाच वर्षांच्या सेवेआधी पैसे काढले तर सहसा कर लागतो. खातं नव्या कंपनीकडे वळवलं तर जुनी वर्षंही मोजली जातात. पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते, तिथेही हाच फायदा. तेव्हा नव्या ठिकाणी रुजू होताना जुनाच यूएएन द्या आणि शिल्लक वळती झाली का, हे पासबुकात स्वतः तपासा.