आकड्यांचे भय
मनुष्यस्वभावाच्या कुतूहलाने मानसशास्त्राकडे वळलेल्या आणि शालान्त परीक्षेबरोबरच गणिताशी कायमची फारकत झाली अशा समजुतीत असलेल्या विद्यार्थ्याच्या हाती संख्याशास्त्राचे क्रमिक पुस्तक पडले, की त्याच्या छातीत धडकी भरते. वस्तुतः त्यातील प्रारंभीचा बराचसा ऐवज बेरीज-वजाबाकीचाच असतो. चौघांना शब्दांची यादी वाचून दाखविली आणि त्यांना अनुक्रमे ५, ५, ९ व ९ शब्द आठवले, तर माध्य ७; प्रत्येकाचे त्यापासूनचे अंतर २, त्याचा वर्ग ४, वर्गांची सरासरीही ४ आणि तिचे वर्गमूळ २; हेच ते प्रमाण विचलन! चिन्हांचा दरारा मात्र, कबूल केले पाहिजे, मोठा. सूत्र पाठ करण्यापूर्वी विद्यार्थ्याने असे एखादे उदाहरण स्वहस्ते कागदावर सोडवून पाहावे.