खोकड
मांसाहारी गणाच्या कॅनिडी कुलातील एक प्राणी. शास्त्रीय नाव व्हल्पीस बेंगॉलेन्सिस. हा फक्त भारतीय उपखंडात आढळतो. डोक्यासह शरीराची लांबी ४५–६० सेंमी.; शेपूट २५–३५ सेंमी., झुपकेदार व टोकाशी काळे असते. कोल्ह्यापेक्षा हा लहान व सडपातळ असतो.

बारामती व इंदापूर तालुक्यांतील पर्जन्यछायेतील गवताळ माळराने हा याचा नैसर्गिक अधिवास होय. आफ्रिकेतील मीरकॅटप्रमाणे खोकडही बिळात राहते. मात्र मीरकॅट टोळीने राहतात व पाळीपाळीने पहारा देतात, तर खोकडाचे नर-मादी जोडीने राहतात. बिळाला अनेक तोंडे असल्याने संकटात निसटणे सोपे जाते. गर्भावधी ५०–५३ दिवसांचा असून साधारणपणे २–४ पिल्ले होतात. त्यांचे संगोपन नर व मादी दोघेही करतात. उंदीर, कीटक, सरडे, अंडी व बोरे हे याचे भक्ष्य. उंदीर खात असल्याने ते शेतीस उपकारक ठरते.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये याच्या शिकारीस बंदी आहे. वनविभागाने २०२४ मध्ये कडबनवाडी (इंदापूर) व शिर्सुफळ (बारामती) येथे गवताळ प्रदेश सफारी सुरू केली. तीत लांडगा, तरस, चिंकारा व खोकड केवळ पाहावयाचे असतात. विणीच्या काळात बिळाजवळ वाहन थांबविणे पिल्लांना घातक ठरू शकते. माळ ‘पडीक’ समजून नांगरणे अथवा त्यावर दाट वृक्षलागवड करणे, तसेच भटक्या कुत्र्यांमुळे पसरणारे रोग हे याला असलेले मुख्य धोके होत. गवत राखले तरच खोकड टिकेल.